मराठवाड्यात समाजशास्त्र शिकायचे असेल तर: प्रवेशापासून कामधंद्यापर्यंत

मराठवाड्यातील तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेणारा विद्यार्थी समाजशास्त्र निवडतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याने दोनच गोष्टी ऐकलेल्या असतात. विषय सोपा आहे, गाईड वाचून पास होता येते, ही पहिली. आणि स्पर्धा परीक्षेला कामी येतो, ही दुसरी. गाईडवर पास होता येते हे खरे, पण विषय सोपा आहे हे साफ चुकीचे आहे; दुसरी गोष्ट अर्धीच खरी आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातून विद्यापीठाच्या विभागात आणि तिथून गावपाहणीच्या कामात मी याच वाटेने आलो. नव्याने येणाऱ्यांना या वाटेवर काय लागते आणि कुठे अडकायला होते, हे क्रमाने सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: समाजशास्त्राची नुसती पदवी नोकरी देत नाही. पदवीबरोबर पाहणीचे काम, नेट-सेट (महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा), स्पर्धा परीक्षा किंवा बी.एड. यांपैकी एक गोष्ट धरावी लागते, आणि ती कोणती हे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवावे लागते.

1. समाजशास्त्र आणि समाजकार्य यांतील फरक आधी समजून घ्या

प्रवेशाच्या रांगेत सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. समाजशास्त्र म्हणजे एम.ए.कडे जाणारी, समाज कसा चालतो याचा अभ्यास करणारी शाखा. समाजकार्य म्हणजे बी.एस.डब्ल्यू. आणि एम.एस.डब्ल्यू. या नावाने ओळखले जाणारे व्यावसायिक शिक्षण, ज्यात संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करणे अभ्यासक्रमाचाच भाग असते. दोन्हींत जात, कुटुंब, गाव, दारिद्र्य हे शब्द येतात, म्हणून पालकांना आणि कधीकधी प्रवेश देणाऱ्या लिपिकालाही ती एकच वाटतात.

फरक पुढे नोकरीच्या जाहिरातीत कळतो आणि तेव्हा तो महागात पडतो. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक किंवा कारखान्यातील कामगार कल्याण अधिकारी या पदांसाठी समाजकार्याची किंवा कामगार कल्याणाची विशिष्ट अर्हता मागितली जाते. तिथे समाजशास्त्रातील एम.ए. कितीही चांगल्या गुणांनी केलेले असले तरी अर्ज छाननीतच बाद होतो. उलट वरिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्राचा प्राध्यापक व्हायचे असेल तर एम.एस.डब्ल्यू. चालत नाही. ज्याला थेट लोकांबरोबर, संस्थेत किंवा रुग्णालयात काम करायचे आहे त्याने समाजकार्याचा विचार करावा. ज्याला वाचन, लेखन, संशोधन, अध्यापन किंवा प्रशासनाकडे जायचे आहे त्याच्यासाठी समाजशास्त्र बरे. बी.ए. समाजशास्त्र करून पुढे एम.एस.डब्ल्यू.ला जाता येते, त्यामुळे बारावीनंतर निर्णय होत नसेल तर हा मार्ग मोकळा राहतो.

2. विद्यापीठ आणि महाविद्यालय निवडणे

मराठवाड्यात पारंपरिक विद्यापीठे दोन आहेत. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये सुरू झाले. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे त्याच्याकडे आहेत आणि धाराशिवला त्याचे उपकेंद्र आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये त्यातूनच वेगळे झाले; नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. नांदेडला विभागांऐवजी 'संकुल' म्हणतात, त्यामुळे तिथे समाजशास्त्र शोधताना सामाजिकशास्त्रे संकुलात विचारावे.

बी.ए. आपल्या तालुक्यात करायला हरकत नाही. पण महाविद्यालय निवडताना इमारत पाहण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. समाजशास्त्र तिथे तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून उपलब्ध आहे का, विषयाचा पूर्णवेळ शिक्षक आहे की सगळे तास तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या शिक्षकांवर, चालतात, आणि ग्रंथालयातून पुस्तके प्रत्यक्षात घरी मिळतात का. नव्या शैक्षणिक धोरणामुळे संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी रचना आली आहे. पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने वाटतात, पण मुख्य म्हणून जो विषय ठरतो त्यावर एम.ए.चा प्रवेश अवलंबून राहतो. समाजशास्त्र दुय्यम राहिले आणि पुढे त्यातच एम.ए. करायचे ठरले, तर पात्रतेचा प्रश्न उभा राहू शकतो. विषय बदलण्याचा अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात, ती तारीख सूचना फलकावर स्वतः पाहावी.

शिक्षक व्हायचे मनात असेल तर आणखी एक खबरदारी. दहावीपर्यंतच्या शाळेत समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही, तो अकरावी-बारावीला येतो. म्हणून जोडीचा विषय इतिहास किंवा भूगोल ठेवला तर बी.एड.च्या वेळी आणि शाळेच्या भरतीत हात मोकळा राहतो. मराठी साहित्य, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांची जोडही चांगली आहे, पण ती वेगळ्या वाटांसाठी.

3. कागदपत्रे: अभ्यासाआधी याची तयारी

हा भाग कंटाळवाणा आहे हे मान्य. तरीही अभ्यासाअभावी शिक्षण सुटलेल्यांपेक्षा कागदाअभावी शिष्यवृत्ती बुडून शिक्षण सुटलेले विद्यार्थी मी अधिक पाहिले आहेत. एक जाड प्लॅस्टिकची फाईल घ्या आणि पुढील कागद मूळ प्रतीसह, प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स काढून तिच्यात ठेवा:

• दहावी आणि बारावीची गुणपत्रके व प्रमाणपत्रे
• शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी.
• आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला, चालू असलेला मोबाईल क्रमांक
• तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला
• अधिवास प्रमाणपत्र
• लागू असेल त्यांच्यासाठी जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर
• आधारशी जोडलेले, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते
• शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे शपथपत्र
• विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र

टी.सी.ची मूळ प्रत महाविद्यालयात जमा झाली की परत मिळत नाही, म्हणून जमा करण्यापूर्वी तिच्या प्रती काढून साक्षांकित करून ठेवाव्यात. लातूरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन छत्रपती संभाजीनगरला एम.ए. करायला येणाऱ्याला विद्यापीठ बदलत असल्याची जाणीवच नसते, कारण दोन्ही नावांत 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. स्थलांतर प्रमाणपत्र नसल्याने त्याची पात्रता मग पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत लोंबकळत राहते.

जात वैधतेचे काम बारावीतच सुरू करावे. पडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीच्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे आजोबा-पणजोबांचे जुने महसुली कागद अनेकदा उर्दूत असतात, त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते आणि त्यात वेळ जातो. आजोबा शिकलेले असतील तर त्यांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मिळवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. भटक्या-विमुक्त कुटुंबांतील मुलांकडे असा कोणताच कागद नसतो. त्यांनी महाविद्यालयातील शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या शिक्षकाला सुरुवातीलाच गाठावे आणि रक्ताच्या नात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र आहे का याचा शोध घ्यावा.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांसारख्या योजना तिथे आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नेट कॅफेवाल्याने 'फॉर्म भरला' असे सांगितले की काम झाले, असे समजू नका. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांच्या आणि मग जिल्हा कार्यालयाच्या, आणि कोणत्याही टप्प्यावर तो त्रुटीसह परत येऊ शकतो. महिन्यातून एकदा स्वतः लॉगिन करून स्थिती पाहावी. पासवर्ड कॅफेवाल्याकडे नव्हे, आपल्या वहीत असावा. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हेही पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

4. पहिली दोन वर्षे विषय कसा वाचावा

गाईडमधील व्याख्या पाठ करून उत्तीर्ण होता येते, हे खरे आहे. पण अशा विद्यार्थ्याला 'प्रभुत्वशाली जात म्हणजे काय' हे दहा ओळींत लिहिता येते आणि 'तुझ्या गावात ती कोणती, आणि कशावरून?' या प्रश्नावर तो गप्प बसतो. समाजशास्त्राचा कस दुसऱ्या प्रश्नात आहे.

म्हणून प्रत्येक संकल्पना वाचली की तिच्या शेजारी आपल्या भागातील एक उदाहरण लिहिण्याची सवय लावा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी प्रभुत्वशाली जातीची, म्हणजे गावावर वर्चस्व असणाऱ्या जातीची, कल्पना कर्नाटकातील रामपुरा या गावाच्या अभ्यासातून मांडली. आपल्या गावात सोसायटीचा चेअरमन, दूध डेअरी, ट्रॅक्टर आणि ग्रामपंचायत ही चार सूत्रे कोणाच्या हातात आहेत याची यादी केली की ती कल्पना हाताला लागते, आणि कुठे लागू पडत नाही हेही दिसते. डॉ. आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अंतर्विवाह, म्हणजे आपल्याच जातीत लग्न करणे, हे जातीचे मूळ लक्षण मानले. मागील पाच वर्षांत आपल्या भावकीत जमलेल्या सोयरिकी तपासल्या तर ते विधान आज कुठवर टिकते हे स्वतःच पाहता येईल. एमिल डरखाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1897 मध्येच आत्महत्येकडे केवळ व्यक्तीच्या मनाचा प्रश्न म्हणून न पाहता सामाजिक घटना म्हणून पाहिले. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या ज्या जिल्ह्यांतून सतत येतात तिथल्या विद्यार्थ्याने हा भाग केवळ परीक्षेपुरता वाचून सोडून देणे मला तरी पटत नाही.

गोविंद सदाशिव घुर्ये, इरावती कर्वे, ए. आर. देसाई, एस. सी. दुबे ही भारतीय समाजाच्या अभ्यासकांची नावे पदवीलाच ओळखीची झाली पाहिजेत. त्यांपैकी दुबे यांचा शमीरपेट या गावाचा अभ्यास मराठवाड्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा, कारण ते गाव ज्या हैदराबाद राज्यात होते त्याच राज्यात तेव्हा आपलेही जिल्हे होते.

भाषेची अडचणही लपवण्यात अर्थ नाही. पदवी मराठीतून होते, पण पुढील बरेचसे वाचन इंग्रजीत आहे आणि नेटची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी व हिंदीत येते. स्तरीकरण, आप्तसंबंध, सामाजिक गतिशीलता या प्रत्येक शब्दासमोर त्याचा इंग्रजी प्रतिशब्द लिहिलेली एक वेगळी वही पहिल्या वर्षापासून ठेवावी. रोज एक परिच्छेद इंग्रजीतून वाचून तो मराठीत चार ओळींत लिहिणे, एवढ्याने दोन वर्षांत भीती बरीच कमी होते. इंग्रजी बोलण्याच्या क्लासला पैसे घालण्यापेक्षा हे स्वस्त आणि अधिक उपयोगाचे.

5. क्षेत्रकार्य: इथे घाई करू नका

पदवीच्या अखेरीस किंवा एम.ए.ला प्रकल्प करावा लागतो आणि पुष्कळजण मागच्या वर्षीचा प्रकल्प नाव बदलून जमा करतात. असे करणाऱ्याचे गुण जात नाहीत, पण पुढे संशोधन संस्थेच्या मुलाखतीत 'नमुना (पाहणीसाठी निवडलेली माणसे किंवा घरे) कसा निवडला?' या साध्या प्रश्नावर त्याचे पितळ उघडे पडते. खरे तर मराठवाड्यासारखे क्षेत्र शोधायला इतरांना लांबून यावे लागते. ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, टँकरच्या पाण्याचे वाटप, किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावांतील शेजारपण, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीच्या आठवणी, लातूरच्या शिकवणी वर्गांभोवती उभे राहिलेले खोल्यांचे आणि मेसचे जग, नांदेड-परभणीतील उर्दू माध्यमाच्या शाळा: यांतला कोणताही विषय बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहे.

ऊसतोडीचे उदाहरण जरा तपशिलाने घेतो, कारण पाहणीतील बहुतेक सापळे त्यात दिसतात. बीड जिल्ह्यातील डोंगरपट्ट्याच्या गावात दिवाळीनंतर, म्हणजे नेमक्या सहामाही सुट्टीत, विद्यार्थी प्रश्नावली घेऊन जातो. तोवर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांवर गेलेल्या असतात. घरी म्हातारी माणसे आणि शाळेची मुले उरलेली असतात. अशा वेळी घेतलेल्या पाहणीत गाव वृद्धांचे निघते आणि कामाचा रकाना रिकामा राहतो. हंगाम मार्च-एप्रिलच्या सुमारास संपून टोळ्या परतल्यावर, लग्नसराई आटोपून पेरणी सुरू होण्याआधी जायला हवे.

दुसरा सापळा प्रश्नांच्या शब्दांत असतो. 'आपले वार्षिक उत्पन्न किती?' या प्रश्नाला कोणीही नीट उत्तर देत नाही, कारण ते तसे मोजलेलेच नसते आणि दाखल्यावरचा आकडा बोलणे सुरक्षित वाटते. त्याऐवजी घरातून किती कोयते गेले, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली होती, त्यातली किती फिटली आणि खाडे किती पडले, असे विचारले की बायाबापड्यासुद्धा हिशेब घडाघडा सांगतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. बाईच्या श्रमाला स्वतंत्र नोंद का नाही, हा प्रश्न आपल्या अहवालाचा कणा होऊ शकतो, पण त्यासाठी बाईशी वेगळे बोलावे लागते, आणि सोबत एखादी विद्यार्थिनी असेल तरच ते नीट होते. जमिनीचेही तसेच आहे. सातबारा अजून वडिलांच्या नावावर असतो आणि भाऊ तोंडी वाटणी करून कसत असतात, 'जमीन किती?' असे न विचारता 'तुम्ही किती कसता?' असे विचारावे.

गावात शिरताना सरपंचाला आणि ग्रामसेवकाला महाविद्यालयाचे पत्र दाखवावे, पण मुक्काम आणि चहापाणी एकाच मोठ्या घरी करू नये. पाटलाच्या वाड्यातून निघालेल्या पाहुण्याशी वस्तीतली माणसे मोकळेपणी बोलत नाहीत. मुलाखतीआधी परवानगी घ्यावी, नावे बदलावीत, फोटो विचारूनच काढावेत, आणि 'योजना मिळवून देतो' असे चुकूनही बोलू नये. विद्यार्थ्याला पाहून लोकांना सरकारी माणूस आल्याचा भास होतो. तो भास पहिल्या पाच मिनिटांतच दूर करणे आपले काम आहे.

साधने फारशी लागत नाहीत: एक वही, दोन पेन, मोबाईलवर परवानगीने केलेले ध्वनिमुद्रण आणि कोबोटूलबॉक्ससारखे विनामूल्य मिळणारे प्रश्नावलीचे साधन. एक्सेलमध्ये तक्ते करता येणे ही आता किमान अट समजावी. एसपीएसएस किंवा आर ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणक साधने शिकता आली तर संशोधनाच्या नोकऱ्यांत त्याचा थेट उपयोग होतो. टिपणे मात्र त्याच रात्री लिहून काढावीत.

6. एम.ए. कुठे करावे

विद्यापीठाच्या विभागात किंवा संकुलात एम.ए. करणे हा माझा पहिला सल्ला आहे, आणि त्याचे कारण अध्यापनापेक्षा ग्रंथालय, वसतिगृह आणि रात्री अभ्यासिकेत बसणारी सोबत हे अधिक आहे. मराठवाड्याबाहेर जायचे असेल तर मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचा विभाग 1919 चा, म्हणजे देशातील सर्वांत जुन्यांपैकी आहे. नांदेड-परभणीकरांना हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ रेल्वेने मुंबईपेक्षा जवळ पडते. केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेतून होतात आणि तिचे अर्ज एम.ए.च्या स्थानिक प्रवेशाच्या कितीतरी महिने आधी, तिसऱ्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आतच भरून घेतले जातात. आपल्याकडील बहुतेक मुलांची संधी या एकाच कारणाने हुकते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण परिसर केंद्र आपल्याच तुळजापुरात आहे, हे धाराशिव-लातूरच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. मात्र तिथला भर ग्रामीण विकास आणि समाजकार्यावर आहे.

नोकरी करत शिकणाऱ्यांना इग्नू या मुक्त विद्यापीठाचा मार्ग उपलब्ध आहे आणि त्यांचे अभ्याससाहित्य नेटच्या तयारीलाही चांगले पडते. एम.ए.ला किमान 55 टक्के गुण, राखीव प्रवर्गांना 50 टक्के, हे लक्षात ठेवा. त्याखाली घसरल्यास नेट, सेट आणि प्राध्यापकपद या तिन्हींची दारे एकदम बंद होतात.

7. पुढे काय: चार वाटा

अध्यापन. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते. दोन्ही परीक्षांची रचना सारखी आहे: पहिला पेपर 50 प्रश्न व 100 गुण, दुसरा पेपर 100 प्रश्न व 200 गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, ती महाराष्ट्र व गोव्यापुरती असते. नेटमध्ये वरच्या गुणवत्तेत आल्यास कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते, जी जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. तिला वयाची मर्यादा असल्याने हा प्रयत्न एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच करावा. एवढे होऊनही कायम नोकरीची वाट मोठी आहे. अनुदानित महाविद्यालयांतील भरती वर्षानुवर्षे रखडते आणि नेट-सेट-पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर काम करत राहतात, हे वास्तव घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.सोबत बी.एड. आणि पुढे शिक्षक अभियोग्यता चाचणी व शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल असा मार्ग आहे.

स्पर्धा परीक्षा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर असतात, पहिला सिद्धांतांचा आणि दुसरा भारतीय समाजाचा. उत्तरे मराठीतून लिहिता येतात, परंतु प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली असून तिथेही वैकल्पिक विषय आला आहे, त्यामुळे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पूर्वीपेक्षा अधिक लाभ आहे. निबंध आणि सामान्य अध्ययनाच्या पेपरलाही या वाचनाचा हातभार लागतो. तरीही वैकल्पिक विषयाचा अभ्यास आणि एम.ए.चा अभ्यास एकच आहे असे मानू नका, एम.ए.ला वीस पानी उत्तर चालते, आयोगाला दीडशे-अडीचशे शब्दांत नेमके उत्तर हवे असते. किती वर्षे द्यायची याची मर्यादा पुण्याला खोली करण्यापूर्वी ठरवावी, आणि ती वहीत लिहून घरच्यांना सांगावी.

शासकीय विभाग. समाजकल्याण, महिला व बालविकास, आदिवासी विकास, तसेच ग्रामीण जीवनोन्नती अभियान म्हणजे 'उमेद' यांतील पदांच्या जाहिराती अधूनमधून येतात. पदाच्या नावात 'समाज' आहे म्हणून आपण पात्र आहोत असे गृहीत धरू नये. काही पदांना कोणतीही पदवी चालते, काहींना समाजकार्याचीच लागते. जाहिरातीतील अर्हतेचा परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचावा. एमएस-सीआयटी झालेले असावे. 'उमेद'सारख्या अभियानांतील बरीच पदे कंत्राटी असतात, हेही रुजू होण्याआधी विचारून घ्यावे.

स्वयंसेवी संस्था आणि संशोधन. अंबाजोगाईचे मानवलोक, अणदूरचे हॅलो मेडिकल फाउंडेशन, भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात महिलांबरोबर काम उभे केलेले स्वयं शिक्षण प्रयोग अशा संस्था आपल्या परिसरात आहेत. त्यांच्याकडे नोकरी मागायला जाण्याऐवजी सुट्टीत काही आठवडे शिकायला जावे. कामाची ओळख झाल्यावर पुढचे बोलणे सोपे जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या मोठ्या पाहण्यांसाठी गावोगाव फिरणारे अन्वेषक लागतात. काम तात्पुरते आणि दमवणारे असते, पण ज्याने वर्षभर ते केले त्याला प्रश्नावली, नमुना आणि माहितीची छाननी यांत कोणी फसवू शकत नाही. अन्वेषकावरून पर्यवेक्षक, तिथून संशोधन सहायक अशी पायरी चढता येते. या वाटेवर दहा पानांचा स्वतः लिहिलेला स्वच्छ अहवाल गुणपत्रकाइतकाच कामी येतो; म्हणून पाचव्या भागात सांगितलेला प्रकल्प जपून ठेवावा.

एक सावधगिरी सर्वच वाटांना लागू आहे. 'सर्व्हेचे काम देतो, आधी नोंदणी शुल्क भरा' असा संदेश व्हॉट्सॲपवर आला तर तो पुढे न पाठवता पुसून टाकावा. खरी संस्था पाहणीच्या कामासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, उलट प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता देते.

8. पीएच.डी. करायची असल्यास

नोकरी मिळेना म्हणून पीएच.डी.ला नाव नोंदवणे ही आपल्याकडची रूढ चाल आहे आणि ती मला मान्य नाही. विषय खरोखर डोक्यात असेल तर मात्र बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींची (संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तींची) माहिती, आपण ज्या प्रवर्गात येतो त्यानुसार, प्रवेशाआधीच काढावी. त्यांच्या जाहिरातींत नोंदणीच्या तारखेची अट असते आणि त्या तारखेमुळे अनेकांचे अर्ज अपात्र ठरतात. मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे जागा शिल्लक आहे का, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली आणि ते निवृत्त केव्हा होणार, हे तिन्ही प्रश्न त्यांच्या विद्यार्थ्यांना विभागाबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारावेत. विषयाचा आराखडा तयार करताना तालुका, कालखंड आणि नमुना हे तिन्ही ठरलेले असावेत. 'मराठवाड्यातील ग्रामीण स्त्रियांचा समाजशास्त्रीय अभ्यास' असले शीर्षक घेऊन समितीपुढे गेलात तर पहिला प्रश्न 'कोणत्या स्त्रिया, कोणत्या गावांतल्या?' असाच येतो, त्यामुळे ते उत्तर शीर्षकातच लिहून न्यावे.